होता जिवा म्हणून

दोन माणसे भररस्त्यात एकमेकांच्या गळपट्टीला भिडली, की कितीही घाईत असलेला वाटसरू क्षणभर थांबतोच. "काय हा रानटीपणा!" असे तो म्हणतो, आणि म्हणून झाल्यावरही तिथेच उभा राहतो. भांडण पाहणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. त्या हौसेची त्याला थोडी लाजही वाटते. म्हणून ती भागवण्यासाठी त्याने नाना युक्त्या काढल्या. कुठे कोंबडे झुंजवले, कुठे रेडे, कुठे मेंढ्यांच्या टकरी लावल्या. आणि जिथली माणसे जरा अधिक शहाणी होती, तिथे त्यांनी भांडणालाच नियम घालून त्याचा खेळ करून टाकला. आमच्या कोल्हापुराने हेच केले. खासबागेच्या लाल मातीत दोन मल्ल उतरतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात, हातात हात देतात आणि झोंबतात. एकाची पाठ मातीला लागली की भांडण संपले. जिंकलेला फेटा बांधून मिरवतो, हरलेला अंग झटकून घरी जातो. तिथे झोंबी हाच खेळ असतो. त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात कसला गोंधळ नसतो.

पण खेळ एक, त्याच्या पोटात भांडण दुसरे, आणि दोन्ही एकाच तिकिटात, हा प्रकार पाहायचा तर कॅनडातच जायला हवे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून वर्षातले सहा महिने मी लेकीकडे, एडमंटनला असतो. मी जातो तो दिवाळीच्या सुमारास. इकडे फराळाचे डबे भरले जातात, आणि तिकडे नेमका त्याच दिवसांत हॉकीचा हंगाम सुरू होतो. 'हॉकी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात आणि हिरवे गवत दिसते. तिथे त्या शब्दाचा अर्थ बर्फ. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे रिंगण, त्याच्या कडेने छातीएवढा कठडा, कठड्यावर काच. दोन्ही बाजूंना सहा सहा गडी, पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी. आणि या साऱ्यांच्या मध्ये तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची एक काळी रबरी चकती. ती चकती इतक्या वेगाने धावते, की पहिल्या वर्षी मी चकतीऐवजी प्रेक्षकांच्या माना पाहून खेळ समजून घेत असे. मुंबईच्या लोकलमध्ये शिरताना लागतो तसा अंगाचा धक्का इथे नियमाने मान्य आहे. २००८ सालापासून या सामन्यांचे समालोचन पंजाबीतूनही होते. हरनारायण सिंग यांच्या तोंडून बर्फावरच्या धुमश्चक्रीचे वर्णन ऐकताना जालंधरच्या शेतात बर्फ पडल्यासारखे वाटते. माझे जावई मराठी असूनही तेच ऐकतात. भांडणाचे वर्णन पंजाबीत अधिक रंगते, असे त्यांचे मत आहे.

हे भांडण कसे होते ते सांगतो. खेळ ऐन रंगात असतो. एकाएकी दोन गडी थांबतात, काठ्या टाकतात, जाड हातमोजे बर्फावर फेकतात, एकमेकांच्या सदऱ्याला धरतात आणि मोकळ्या मुठींनी हाणायला लागतात. सारा खेळ थांबतो. पंच जवळ येऊन उभे राहतात. पण सोडवायला घाई करीत नाहीत. दोघांपैकी एक खाली पडला किंवा दोघेही दमले, की मग ते मध्ये पडतात. अठरा हजार माणसे उभी राहून ओरडत असतात. मग दोघांनाही पाच पाच मिनिटे रिंगणाबाहेरच्या काचेच्या पेटीत बसवतात. खेळातून कायमचे हाकलत नाहीत. ही पाच मिनिटांची शिक्षा लीगने १९२२ साली नियमात लिहून ठेवली आणि शंभर वर्षे उलटली तरी ती तशीच आहे. आणि तिच्यातली गंमत पाहा! दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसला आणि त्यांच्या जागी दुसरे आले, म्हणजे संघ सारखेच्या सारखे राहिले. शिक्षा तर झाली, पण नुकसान कुणाचेच झाले नाही. आमच्या शाळेत दोन मुलांची मारामारी झाली, की दोघांनाही बाकावर उभे करण्याचा रिवाज होता. तोही असाच दोघांना सोयीचा असे.

"अहो, पण हे कशासाठी?" असे मी जावयांना विचारले. त्यांनी मोबाइलवर एका जुन्या खेळाडूचा फोटो काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाबा, याच्यासाठी."

तो फोटो वेन ग्रेट्झ्कीचा होता. १९६१ साली ओंटॅरिओतल्या ब्रँटफर्ड गावी जन्मलेला हा अंगाने किरकोळ मुलगा एडमंटनच्या 'ऑइलर्स' संघात आला आणि त्याने खेळाची सारी गणितेच बदलून टाकली. १९८१-८२ च्या एका हंगामात त्याने ९२ गोल केले. १९९९ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ८९४ गोल होते. हा आकडा मोडायला २०२५ साल उजाडावे लागले. तो मोडला अलेक्झांडर ओव्हेचकिनने. पण स्वतः गोल करण्यापेक्षा दुसऱ्याला गोल करायला चकती पुरवणे हेच ग्रेट्झ्कीचे खरे वैभव. असे चेंडू, म्हणजे चकत्या, त्याने १९६३ पुरवल्या. सभ्य खेळासाठी 'लेडी बिंग' नावाचे एक पारितोषिक आहे. कॅनडाच्या एका गव्हर्नर जनरलच्या पत्नीने ते १९२५ साली सुरू केले. ग्रेट्झ्कीने तेही पाच वेळा मिळवले.

आता असा हिरा मैदानात धक्के खात हिंडतो, म्हटल्यावर त्याला जपायला कोणी तरी हवेच. प्रतिपक्षाचा सोपा डाव एकच: त्याला बेजार करा. काठीने अडकवा, हात धरा, कठड्यावर दाबा. पंच तरी कितीदा शिट्टी वाजवणार? प्रत्येक वेळी वाजवली तर खेळ उरणार नाही. म्हणून ऑइलर्सनी त्याच्याबरोबर डेव्ह सेमेंको नावाचा एक धिप्पाड गडी ठेवला. त्याचे काम न सांगता सगळ्यांना ठाऊक होते. ग्रेट्झ्कीला कुणी वावगा धक्का मारला, की सेमेंको हळूच घसरत त्याच्याजवळ येऊन उभा राही. पुष्कळदा तेवढेच पुरे होई. या सेमेंकोने १९८३ साली एडमंटनला खुद्द मुहम्मद अलीबरोबर तीन फेऱ्यांचा प्रदर्शनी सामना केला होता, म्हणजे त्याच्या नुसत्या उभे राहण्यात काय वजन असेल याची कल्पना करा! त्याच वर्षी लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात सर्वोत्तम ठरल्याबद्दल ग्रेट्झ्कीला एक मोटार बक्षीस मिळाली. ती त्याने सेमेंकोला देऊन टाकली.

ही हकीगत ऐकताच माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "होता जिवा म्हणून वाचला शिवा!" प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला, ते साल १६५९. स्वराज्याच्या प्रसंगाची बरोबरी एका खेळाशी कोण करील? ती मला करायचीही नाही. पण म्हणी अशाच असतात. त्या आपला प्रसंग सोडून जगभर हिंडतात आणि जिथे ओळखीचा चेहरा दिसेल तिथे जाऊन बसतात. माझी ही म्हण त्या दिवशी एडमंटनच्या बर्फावर जाऊन बसली, आणि तेव्हापासून मी हॉकीत शिवापेक्षा जिवाकडेच अधिक पाहू लागलो.

मोठा खेळाडू आणि न्याय यांचे नाते मोठे अवघड असते. त्याला इतरांसारखेच वागवावे, तर त्याच्यावर होणारे वार इतरांपेक्षा दसपट असतात. त्याला वेगळे वागवावे, तर "बड्यांना निराळा न्याय" म्हणून लोक ओरडतात. मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारचेच पाहा. १९४४-४५ साली ५० सामन्यांत ५० गोल करणारा हा फ्रेंच भाषकांचा लाडका वीर. त्याच्यापाशी कुणी सेमेंको नव्हता; आपला राग तो स्वतःच काढी. १३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनला एका गड्याची काठी त्याच्या डोक्याला लागून रक्त आले. रिशार त्या गड्यावर धावला आणि आवरायला आलेल्या पंचालाही त्याने ठोसा दिला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेल्या हंगामातून आणि पुढच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांतूनही काढून टाकले. नियम पाहिला तर पंचावर हात टाकणे अक्षम्यच. पण मॉन्ट्रियलच्या फ्रेंच माणसाला त्यात नियम दिसला नाही. आपल्या माणसाला इंग्रजी खुर्चीने दिलेली शिक्षा दिसली. १७ मार्चला कॅम्बेलसाहेब स्वतः सामना पाहायला आले. लोकांनी त्यांच्यावर टोमॅटो आणि अंडी फेकली, अश्रुधुराचे नळकांडे फुटले, सामना अर्ध्यावर सोडावा लागला आणि सेंट कॅथरिन रस्त्यावर रात्रभर दुकाने फुटली. दुसऱ्या दिवशी खुद्द रिशारला रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगावे लागले. स्वतःच्या वीराला स्वतःचा बचाव करावा लागला, तर एखादे शहर पेटू शकते, हे त्या रात्री दिसले.

मग बचावाचे काम दुसऱ्यावर सोपवणे बरे, असे वाटते. पण त्या वाटेनेही खड्डे आहेत. २००४ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने व्हँकूव्हरच्या मार्कस नॅस्लंडला धक्का दिला. नॅस्लंड हा संघाचा कर्णधार आणि लीगमधला आघाडीचा खेळाडू. त्याच्या डोक्याला दुखापत झाली. पंचांनी मात्र शिक्षा दिली नाही. संघाच्या मनात ते राहिले. ८ मार्चला दोन्ही संघ पुन्हा भेटले. व्हँकूव्हरचा टॉड बर्टुझी मूरला भांडणाला बोलवीत त्याच्या मागे लागला. मूर वळेना, तेव्हा बर्टुझीने मागून त्याच्या डोक्यावर ठोसा मारला आणि त्याच्यासकट बर्फावर कोसळला. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले. तो पुन्हा कधीही व्यावसायिक हॉकी खेळला नाही. बर्टुझीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला एक वर्षाची देखरेख आणि ८० तासांची समाजसेवा एवढी शिक्षा झाली. ग्रेट्झ्कीचा दुसरा पाठीराखा मार्टी मॅक्सॉर्ली. १९८८ साली ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला विकला गेला तेव्हा त्याने याला आपल्याबरोबर मागून घेतले होते. त्याने २००० साली एका गड्याच्या डोक्यावर काठी मारली आणि तोही न्यायालयात दोषी ठरला. राखणीतून सूड केव्हा सुरू होतो, ही रेघ त्या बर्फावर कुणी आखलेली नाही.

माझा नातू तेरा वर्षांचा आहे. तो एका लहानशा संघात खेळतो. अंगाने तो माझ्यासारखाच, म्हणजे वाऱ्याने उडेल असा; पण चपळ. गेल्या हंगामात एका सामन्यात प्रतिपक्षाच्या मुलाने तिसऱ्यांदा त्याच्या पायात काठी घालून त्याला कठड्यावर पाडले. पंचांचे लक्ष दुसरीकडे होते. तेवढ्यात आमच्याच संघातला एक उंच मुलगा धावत आला आणि त्याने त्या दांडग्याला छातीने असे रेटले, की तो दोन हात लांब जाऊन पडला. शिट्टी वाजली. उंच मुलाला दोन मिनिटांची शिक्षा झाली. तो पेटीत जाऊन बसला आणि आमच्या बाजूच्या आईबापांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जावई तर उभेच राहिले. माझ्या शेजारी त्या मुलाची आई बसली होती. हातातल्या कॉफीकडे पाहत ती एवढेच म्हणाली, "तो स्केटिंगही फार छान करतो, पण टाळ्या पडतात त्या मात्र यालाच."

मी पेटीकडे पाहिले. काचेपलीकडे तो एकटा बसला होता. खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि सगळ्यांच्या माना चकतीमागे वळल्या होत्या. सामना संपल्यावर माझी लेक चकल्यांचा डबा घेऊन त्याच्याकडे गेली. मला वाटले, ती त्याचे आभार मानील. तिने आधी विचारले, "तुला कुठं लागलं का रे?" तो लाजला, मान हलवली आणि पाच चकल्या खाल्ल्या. हा प्रश्न त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी तरी विचारला होता.

मोठेपणी तो प्रश्न न विचारल्याचे काय होते, हे डेरेक बूगार्डच्या आयुष्यात दिसते. सॅस्कॅटूनला जन्मलेला, पोलिसाचा मुलगा. उंची सहा फूट सात इंच. लहानपणापासून प्रशिक्षकांना त्याच्यात खेळाडूपेक्षा त्याच्या मुठीच अधिक दिसल्या. मोठ्या लीगमध्ये तो २७७ सामने खेळला आणि त्यांत त्याने गोल केले फक्त तीन. लोक त्याला प्रेमाने 'बुगीमॅन', म्हणजे बागुलबुवा म्हणत. हात मोडत, पाठ दुखे, डोके गरगरे. वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली. २०१० साली न्यूयॉर्कच्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा पासष्ट लाख डॉलरांचा करार केला. त्याच डिसेंबरात एका मारामारीत त्याच्या मेंदूला हादरा बसला आणि तो पुन्हा खेळला नाही. १३ मे २०११ रोजी, दारू आणि गोळ्या यांच्या मिश्रणाने, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो वारला. आईवडिलांनी त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांना दिला. वारंवार मार बसून मेंदू झिजण्याचा जो विकार मुष्टियोद्ध्यांत आढळतो, तो त्या तरुण मेंदूत बराच पुढे गेलेला होता. २०१८ साली लीगने माजी खेळाडूंच्या दाव्यात सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरांची तडजोड केली. जबाबदारी मात्र कबूल केली नाही.

काळ बदलतो आहे, हे खरे. १९९२ साली भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षेचा नियम कडक झाला. २००५ पासून काठीने अडकवणे, हात धरणे यांवर पंच अधिक कटाक्षाने शिट्टी वाजवू लागले. त्याच वर्षी संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आली, आणि नुसत्या मुठींसाठी माणूस पोसणे परवडेनासे झाले. ऐंशीच्या दशकात सरासरी दर सामन्याला एखादी मारामारी होई. आता चारपाच सामन्यांत एखादी होते. क्यूबेकच्या कुमार लीगने २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला सरळ सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. म्हणजे पंचाने आपले काम केले, की पाठीराख्याचे काम आपोआप कमी होते. राज्यकारभारातही हेच नाही का? जिथे चावडीवर न्याय मिळतो, तिथे गल्लीत दादा लागत नाही.

पण हौस सहजासहजी मरत नाही. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉन्ट्रियलला कॅनडा आणि अमेरिका यांचा सामना झाला. दोन देशांमध्ये तेव्हा जकातीवरून तणातणी चाललेली होती. सामना सुरू झाल्यापासून नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या! आमच्या घरात सगळे ओरडत उभे राहिले. खिडकीबाहेर उणे वीस अंश थंडी होती आणि आत माणसांच्या चेहऱ्यांवर जत्रेतल्या मेंढ्यांच्या टकरी पाहणाऱ्यांचा उजेड होता. माझाही चहा निवून गेला. तो उजेड काही फक्त तरुणांच्याच चेहऱ्यावर नव्हता. पाच दिवसांनी बॉस्टनला अंतिम सामना झाला. तो कॅनडाने जिंकला जादा वेळात, कॉनर मॅकडेव्हिडच्या एका गोलाने. मारामाऱ्या साऱ्यांना आठवतात. पण सामना शेवटी चकती जाळ्यात घालणाऱ्यानेच जिंकून दिला.

एडमंटनच्या क्रीडागाराबाहेर ग्रेट्झ्कीचा पुतळा आहे. दोन्ही हातांनी चषक डोक्यावर धरून तो एकटाच उभा आहे. हिवाळ्यात त्याच्या खांद्यांवर बर्फ साचते. सेमेंको २०१७ साली वारला. प्रतापगडावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. १९५७ साली पंडित नेहरूंनी त्याचे अनावरण केले. पुतळे कर्त्या पुरुषांचेच असायचे, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या भाषेने एक फार चांगली गोष्ट केली आहे. तिने जिवाला म्हणीत जागा दिली, आणि तीही शिवाच्या आधी. पाठीमागे उभ्या राहणाऱ्याचे नाव पुढे घेण्याचा एवढा मोठेपणा फार थोड्या खेळांनी आणि फार थोड्या राज्यांनी दाखवला असेल.

मात्र ती म्हण अर्धीच आहे. शिवा वाचला, एवढे ती सांगते. जिवाला कुठे लागले का, हे विचारण्याचे काम तिने आपल्यावर सोडले आहे.